नॅनो लोखंडाने क्रोमियमचं पाणी साफ करायचंय? आधी पाणी नीट तपासा

दरवर्षी प्रोजेक्टचे दिवस आले की एमएस्सी आणि बीई सिव्हिलच्या मुलामुलींचे मला मेसेज यायला लागतात आणि प्रश्न जवळपास एकच असतो, मॅडम, एक लिटर पाण्याला नॅनो आयर्न, म्हणजे लोखंडाचे अतिसूक्ष्म कण, किती ग्रॅम टाकायचं? प्रश्न चुकीचा नाही, पण तो तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न म्हणजे त्या पाण्यात क्रोमियम सोडून अजून काय काय आहे, आणि दुसरा म्हणजे तुमच्या बाटलीतलं लोखंड अजून लोखंड आहे की वापरायच्या आधीच गंजून बसलंय. या दोघांची उत्तरं नसतील तर ग्रॅम सांगून काही उपयोग नाही. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते.

क्रोमियमचंच उदाहरण घेते कारण माझं स्वतःचं काम त्यावर झालंय आणि आपल्या देशात त्या कामाची गरज खूप आहे. कानपूरचं जाजमऊ, कानपूर देहातलं रानिया, ओडिशातलं सुकिंदा खोरं, तमिळनाडूतलं राणीपेट, सगळीकडे जमिनीखालच्या पाण्यात क्रोमियम, हेच दुखणं. राणीपेटचा क्रोमेटचा कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला पण दीड लाख टनांच्या आसपास कचरा तिथेच पडून राहिला आणि त्यातून क्रोमियम खाली जमिनीत झिरपत राहिलं. कारखाना गेला तरी खालचं पाणी सुधारत नाही, हे अशा जागांचं खरं दुःख आहे.

थोडं रसायनशास्त्र, पण कामापुरतंच. क्रोमियम दोन रूपांत त्रास देतं किंवा देत नाही. सहा वाला, म्हणजे सहा संयुजेचा, क्रोमेट, पाण्यात सहज विरघळतो, पाण्याबरोबर वाहत जातो, रंग पिवळा, आणि कर्करोग करणारा. तीन वाला, म्हणजे तीन संयुजेचा, साधारण ७ ते ९ पीएचला हायड्रॉक्साईड होऊन खाली बसतो आणि जागचा फारसा हलत नाही. आपण करतो काय तर सहाच्या क्रोमियमला तीन इलेक्ट्रॉन देऊन तीनचं करतो. ते इलेक्ट्रॉन लोखंड देतं आणि देताना स्वतः गंजतं. म्हणजे ज्या गंजण्याला आपण आयुष्यभर शिव्या देतो तेच गंजणं इथे कामाला लावायचं असतं. क्रोमियम यात नाहीसं होत नाही हे मात्र पक्कं डोक्यात ठेवा, रिपोर्टमध्ये "रिमूव्हल" लिहिताना खूप जण इथेच घसरतात.

साध्या लोखंडाच्या चुऱ्यानेही हे होतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एलिझाबेथ सिटीला १९९६ साली जमिनीखाली ४६ मीटर लांब, ७ मीटरपेक्षा जास्त खोल आणि ०.६ मीटर जाड अशी लोखंडाच्या दाण्यांची भिंत घातली, क्रोमियमचं दूषित पाणी त्या भिंतीतून आपोआप जातं आणि साफ होऊन पुढे निघतं. मग नॅनो कशाला? तर दोन कारणं, वेग आणि पोहोच. १९९७ साली लीहाय विद्यापीठातल्या वांग आणि झांग यांनी जे नॅनो लोखंड बनवून दाखवलं त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग साधारण ३३ चौरस मीटर होता, म्हणजे एखाद्या छोट्या वन आरकेएवढा, तर बाजारातल्या लोखंडाच्या पावडरचा एका ग्रॅमला एक चौरस मीटरसुद्धा नव्हता. प्रतिक्रिया होते ती पृष्ठभागावर, त्यामुळे फरक लगेच दिसतो. आणि कण इतके बारीक की पाण्यात कालवून बोअरमधून खाली सोडता येतात, चर खणावा लागत नाही. निदान तशी अपेक्षा असते, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आता हिशोब. हा भाग वाचायचा कंटाळा करू नका कारण निम्मे प्रोजेक्ट इथेच फसतात. लोखंडाकडे इलेक्ट्रॉन मोजकेच असतात आणि मागणारे बरेच. समजा तुमच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅम सहाचं क्रोमियम आहे. कागदावर त्याला लोखंड लागतं ३.२ मिलिग्रॅम, बस. पण त्याच पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ८ मिलिग्रॅम असेल तर तो एकटा २८ मिलिग्रॅम लोखंड खातो. आणि नायट्रेट ४५ असेल, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेत अगदी काठावर, तर त्याचं पूर्ण अमोनिया व्हायला १६२ मिलिग्रॅम लोखंड लागतं. क्रोमियमला लागणाऱ्या लोखंडाच्या पन्नास पट! खतं पडणाऱ्या भागात विहिरीला ४५ च्या वर नायट्रेट निघणं आपल्याकडे काही नवीन नाही, म्हणजे तुम्ही क्रोमियमसाठी महागाचं लोखंड टाकणार आणि त्यातला मोठा वाटा युरियाची भरपाई करण्यात जाणार, वर पाण्यात अमोनिया वाढणार ते वेगळंच. हे गणित जसंच्या तसं लागत नाही हेही खरं, तटस्थ पीएचला नायट्रेट सावकाश चालतं आणि क्रोमियम त्याच्या आधी उरकतं, पण दिशा कळते. म्हणून पाण्याचा नमुना आला की पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, ओआरपी (म्हणजे पाणी इलेक्ट्रॉन देणारं आहे की घेणारं ते सांगणारा मिलिव्होल्टमधला आकडा), नायट्रेट, सल्फेट, अल्कलिनिटी, हार्डनेस, एकूण क्रोमियम आणि सहाचं क्रोमियम हे सगळं आधी मोजा. पीएच, ऑक्सिजन आणि ओआरपी जागेवरच मोजायचं, बाटली बसमधून लॅबला येईपर्यंत ते आकडे बदललेले असतात.

लॅबमध्ये बनवायची पद्धत सांगते, बोरोहायड्राईडवाली, सगळ्यात जास्त वापरली जाते तीच. गाईड किंवा लॅब इन्चार्ज सोबत असल्याशिवाय करू नका आणि फ्यूम हूडच्या, म्हणजे वायू बाहेर ओढून नेणाऱ्या लॅबमधल्या कपाटाच्या, बाहेर अजिबात नको, कारण यात हायड्रोजन निघतो, खाली दिलेल्या मापाला जवळजवळ साडेचार लिटर. जवळपास बर्नर, हॉट प्लेट, ठिणगी उडवणारं काहीही चालू नको. गॉगल, ग्लोव्हज, कॉटनचा एप्रन.

२५० मिली डीआय वॉटरमध्ये (क्षार काढून टाकलेलं पाणी) अर्धा तास नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढून टाका आणि त्यात ३.३८ ग्रॅम फेरिक क्लोराईड हेक्साहायड्रेट विरघळवा. दुसऱ्या बीकरमध्ये तसंच २५० मिली थंड पाणी आणि त्यात १.८९ ग्रॅम सोडियम बोरोहायड्राईड, हे द्रावण अगदी वापरायच्या वेळीच करायचं, कालचं केलेलं चालत नाही, ठेवलं की त्याचा जोर जातो. फेरिकचं द्रावण तीन तोंडांच्या फ्लास्कमध्ये घ्या, नायट्रोजन चालू ठेवा, आणि वरून बोरोहायड्राईड थेंब थेंब सोडा, सेकंदाला दोन थेंब, म्हणजे साधारण पाऊण तास लागतो. घाई केली की फेस फ्लास्कच्या तोंडातून बाहेर येतो. आणि एक गोष्ट कुठल्याच पेपरमध्ये ठळक लिहिलेली नसते, मॅग्नेटिक स्टरर वापरू नका! ते लोखंड आहे, सगळं जाऊन स्टररच्या गोळीला चिकटतं आणि तुम्ही बघत बसता की उत्पादन कुठे गेलं. वरून फिरणारा स्टरर घ्या, काचेच्या किंवा टेफ्लॉनच्या पात्याचा.

पहिले काही थेंब पडतात तेव्हा काळे ठिपके येतात आणि लगेच विरून जातात, द्रावण पिवळंच राहतं. मग पिवळा रंग हळूहळू फिका होत जातो आणि एका क्षणाला सगळा फ्लास्क काळाकुट्ट होतो, शाई ओतल्यासारखा. मी इतक्या वेळा केलंय तरी तो क्षण बघायला अजूनही आवडतं. बोरोहायड्राईड संपलं की अजून अर्धा तास ढवळत ठेवा, बुडबुडे थांबू द्या. नंतर फ्लास्कच्या बाहेरून एक चांगलं निओडिमियम मॅग्नेट लावलं की काळं सगळं त्या बाजूला सरकतं, काचेच्या आतून केसांसारखे उभे राहिलेले दिसतात, आणि वरचं पाणी स्वच्छ होतं. ते पाणी ओतून काढायचं, ऑक्सिजन काढलेल्या पाण्याने तीन वेळा धुवायचं म्हणजे क्लोराईड आणि बोरेट जातं, शेवटी एकदा इथेनॉलने. या मापाला हातात ०.७ ग्रॅम लोखंड यायला पाहिजे, त्यापेक्षा जास्त वजन भरलं तर त्यात पाणी आहे किंवा गंज आहे.

इथे सगळ्यात महत्त्वाचं, ते वाळवू नका. मी शिकत होते त्या लॅबमध्ये पहिल्या वर्षी मी कण फिल्टर पेपरवर घेतले, खरडून काढले आणि पेपर तसाच कचऱ्याच्या डब्यात टाकला. दहा मिनिटांनी डब्यातून धूर. पेपरवर उरलेला पातळ काळा थर वाळला, हवा लागली आणि लाल होऊन धुमसायला लागला, कडेने पेपर जळत चाललेला. पाणी ओतून विझवलं, कुणाला काही झालं नाही, पण त्याच डब्यात टिश्यू आणि ॲसिटोनचे बोळे होते हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो. तेव्हापासून फिल्टर पेपर, ग्लोव्हज, पुसलेले कपडे सगळं आधी पाण्याच्या बादलीत. कण इथेनॉलमध्ये किंवा पाण्यातच स्लरी म्हणून फ्रीजमध्ये ठेवायचे, घरगुती फ्रीज नाही, लॅबचा स्पार्क न होणारा. पाण्यात ठेवली तर बाटलीचं झाकण घट्ट लावू नका कारण लोखंड पाण्याशीसुद्धा प्रतिक्रिया करतं, हायड्रोजन जमतो आणि बाटली फुगते. शक्यतो त्याच आठवड्यात वापरून टाका.

चहाचं काय, हे हमखास विचारतात. चहाच्या अर्कात फेरिक टाकलं की काळं होतं आणि लोक म्हणतात झालं ग्रीन नॅनो आयर्न. चहातल्या पॉलिफेनॉलने लोखंडाचे नॅनो कण बनवण्यावर २००९ पासून पेपर आहेत आणि त्यांनी काही रंग, काही क्रोमियम खरंच कमी होतं. पण नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्यात बऱ्याचदा धातूरूप लोखंड नसतंच, लोखंड आणि पॉलिफेनॉलचा संयुग असतो, काळी शाई बनवायचे त्याच प्रकारचा. तो क्रोमियम कमी करतो तो स्वतःच्या जोरावर, आणि पाण्यात सेंद्रिय भार वाढवून ठेवतो. म्हणून शून्य संयुजेचं, म्हणजे धातूरूप, लोखंड असं लिहायच्या आधी एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखायची चाचणी) काढा, ४४.७ अंशाच्या आसपास उंचवटा दिसला तर धातू आहे, नाही दिसला तर तसा दावा करू नका. आणि मॅग्नेटला ओढलं गेलं म्हणून लोखंड, असंही नाही, मॅग्नेटाईटसुद्धा ओढलं जातं.

मग चाचणी. वाळवलेलं पोटॅशियम डायक्रोमेट ०.२८२९ ग्रॅम एका लिटरमध्ये विरघळवलं की १०० मिलिग्रॅमचं क्रोमियमचं स्टॉक होतं, ते विषारी आहे, ग्लोव्हजशिवाय हात लावू नका आणि पावडर उडू देऊ नका. त्यातून १० मिलिग्रॅमचं करा, १०० मिलीच्या बाटल्या भरा आणि लोखंड लिटरला ०.१, ०.२५, ०.५ आणि १ ग्रॅम अशा मात्रांत द्या. एक बाटली बिनलोखंडाची, एक साध्या लोखंडाच्या चुऱ्याची. या दोन नसतील तर तुमच्या ग्राफला काही अर्थ नाही. आणि नंतर हेच सगळं साध्या डीआय वॉटरऐवजी खऱ्या विहिरीच्या पाण्यात क्रोमियम घालून परत करा, तिथे निकाल उतरतो, आणि तो उतरलेला निकालच खरा.

नमुना ५, १०, २०, ४०, ६० मिनिटांनी काढायचा, मॅग्नेटने कण बाजूला करून ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळायचा, आणि गाळल्यानंतरच ॲसिड टाकायचं. आधी टाकलं तर नमुन्यातलं उरलेलं लोखंड ॲसिडमध्ये विरघळून राहिलेलं क्रोमियमसुद्धा उडवतं आणि तुम्हाला वाटतं पाच मिनिटांत शंभर टक्के साफ झालं. असे खोटे शंभर टक्के मी बऱ्याच थिसिसमध्ये पाहिलेत. मग डायफेनिल कार्बाझाईड टाकलं की सहाचं क्रोमियम असेल तितका जांभळट गुलाबी रंग येतो, तो ५४० नॅनोमीटरला वाचायचा. विरघळलेलं लोखंड जास्त असेल तर पिवळी झाक येते, तिकडेही लक्ष ठेवा. सोबत एकूण क्रोमियम एएएस किंवा आयसीपी या धातू मोजणाऱ्या यंत्रांवर मोजा, कारण आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा आहे, लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, नुसता गुलाबी रंग गेला म्हणून पाणी पास होत नाही.

कागदावर एक ग्रॅम लोखंड ६२० मिलिग्रॅम सहाच्या क्रोमियमला पुरायला हवं. प्रत्यक्षात शंभरच्या आसपास मिळालं तरी चांगलं समजा, क्रोमेटच्या कचऱ्यात तर सत्तरच्या आसपास. कारण कणावर लोखंड आणि क्रोमियमच्या हायड्रॉक्साईडचं कवच चढतं आणि आतलं लोखंड तसंच कोंडून राहतं. पीएच जितका जास्त तितकं हे लवकर होतं.

मातीचं काम पाण्यापेक्षा कठीण. क्रोमेटच्या कचऱ्याचा पीएच ११-१२ असतो आणि सहाचं क्रोमियम दाण्यांच्या आत अडकलेलं असतं, तुम्ही बाहेरचं आज साफ करता, आतलं महिन्याभराने बाहेर येतं. म्हणून माती चाळून, ओली करून, स्लरी नीट मिसळून आठवडे-महिने ठेवावी लागते आणि लीचिंग टेस्ट, म्हणजे मातीतून पाण्यात किती क्रोमियम सुटतं ते बघणारी चाचणी, एकदा नाही, परत परत करावी लागते. मातीत मँगनीजचे ऑक्साईड असतील तर ते तीनचं क्रोमियम परत सहाचं करू शकतात, ते आधी तपासून घ्या. या बाबतीत तिसऱ्या दिवसाचा निकाल दाखवून कुणी "माती शुद्ध" म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

आणि प्रत्यक्ष जागेवर? पहिली नावाजलेली चाचणी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला झाली, तिथे क्रोमियम नाही, ट्रायक्लोरोइथिलीन हे क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट होतं. दोन दिवसांत फक्त १.७ किलो कण, लोखंडावर थोडं पॅलेडियम चढवलेले, एका विहिरीतून नुसते गुरुत्वाकर्षणाने सोडले, आणि चार आठवड्यांत प्रदूषण जास्तीत जास्त ९६ टक्क्यांपर्यंत उतरलं. वाचायला छान वाटतं, पण ती छोटी जागा होती, आधीपासून नीट अभ्यासलेली. एरवी बिनलेपाचे कण एकमेकांना चुंबकासारखे चिकटतात, गुठळ्या होतात आणि बोअरपासून फार लांब न जाता वाळूत अडकून बसतात. त्यासाठी बनवतानाच सीएमसी, म्हणजे कार्बोक्सी मिथाइल सेल्युलोज, ०.२ टक्क्याच्या आसपास घालतात, कण सुटे राहतात. पण हे सगळं वाळूच्या थरांत शिकलेलं आहे. आपला दख्खनचा बेसाल्ट म्हणजे कातळ आणि भेगा, पाणी भेगेतून पळतं, स्लरीसुद्धा भेग नेईल तिकडे जाणार. शेजारच्याची पिण्याची विहीर त्याच भेगेवर असेल तर काय? म्हणून आपल्याकडे बोअरमध्ये सोडायच्या आधी ट्रेसर टेस्ट (ओळखता येणारा पदार्थ सोडून पाणी कुठे जातं ते बघणं) आणि वरच्या-खालच्या बाजूला निरीक्षण विहिरी हव्याच, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी नसेल तर विषय तिथेच संपला. ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटीच्या अहवालाने २००४ सालीच सांगितलं होतं की फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे हे सिद्ध होईपर्यंत जमीन सुधारायला सुटे नॅनो कण सोडू नका. मी इतकी कडक नाही, पण त्यामागची भीती मला पटते. माझं मत विचाराल तर आपल्याकडे आधी पाणी उपसून वर टाकीत प्रक्रिया करावी, टाकीत सगळं ताब्यात असतं, गाळ हातात येतो.

जागेवर सोडलंच तर ओआरपीवर लक्ष ठेवा, तो उणे ३००-४०० मिलिव्होल्टला उतरला म्हणजे लोखंड काम करतंय, परत वर चढायला लागला म्हणजे संपत आलंय. क्रोमियमचे नमुने किमान एक पूर्ण पावसाळा जाऊन पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घ्या, पाण्याची पातळी वर आली की वरच्या कोरड्या मातीतलं क्रोमियम खाली उतरतं आणि आकडे परत वाढतात, ते जानेवारीच्या नमुन्यात कधीच दिसत नाही. घरच्या विहिरीत किंवा टाकीत हे स्वतः करायला जाऊ नका, कितीही थोडं असलं तरी.

आणि प्रोजेक्ट संपला की डायक्रोमेटची उरलेली बाटली सिंकमध्ये ओतू नका. तुमच्याकडे उरलेली स्लरी असते ना, फ्यूम हूडमध्ये तीच त्यात टाका, थोडं सल्फ्युरिक टाकून पीएच ३ च्या आसपास आणा, रात्रभर झाकण सैल ठेवून ढवळत ठेवा, दुसऱ्या दिवशी गाळून डायफेनिल कार्बाझाईड टाकून बघा. गुलाबी आलं तर अजून स्लरी घाला. नाही आलं तर चुन्याने पीएच ८-९ करा, हिरवट तपकिरी गाळ खाली बसेल, तो गाळून डब्यात भरून त्यावर "क्रोमियम गाळ", तारीख आणि तुमचं नाव लिहून लॅबच्या घातक कचऱ्यात द्या.